मिठागरात शिरण्यापूर्वी

माधव नगर, उज्जैन
होळी पौर्णिमा

चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद.

बोलिव्हियाच्या सालार दे उयुनीचे फोटो पाहून तू वेडा झालास, यात तुझा दोष नाही. दहा हजार चौरस किलोमीटर मीठ, त्यावर बोटभर पाणी आणि पाण्यात सगळं आभाळ! पण तो आरसा होतो तिथल्या पावसाळ्यात. आपल्या कोकणात पाऊस म्हणजे मिठाचा शेवट. एप्रिल-मेमध्ये वळवाची एक जोरदार सर आली, की तयार मीठ विरघळतं आणि मजुरी अक्षरशः पाण्यात जाते. हा हिशेब कळल्याशिवाय बोलिव्हियाचं तिकीट काढू नकोस. आधी शिरोड्याला जा. 1930च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तेच शिरोडं.

पहाटे पोहोच. भरतीचं पाणी आधी मोठ्या कप्प्यांत घेतात, उन्हाने आटून दाट झालं की लहान वाफ्यांत सोडतात. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून, चोपून घट्ट केलेला असतो. त्यात बूट घालून उतरलास, तर तळ उखडेल आणि मिठात चिखल जाईल. तेव्हा बांधावरूनच काय ते फोटो काढ, तेही विचारून.

कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही, तो मिठाची राख करतो. एक-दीड स्टॉप वाढव. मात्र मीठ ओढणाऱ्या बाईचा चेहरा काळा पडत असेल, तर मीठ खुशाल जळू दे. मिठाचे पोत सांभाळून चेहरे घालवलेले फोटो मी स्वतः खूप काढले. आज त्यातला एकही भिंतीवर लावावासा वाटत नाही.

रंग वाढवायचा मोह होईल. 2020च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. आटत्या मिठागरातही अशी लाली चढते. आहे तेवढीच ठेव.

आणि माझ्यासारखा गाढवपणा करू नकोस. कच्छच्या छोट्या रणात, खाराघोड्याला, मी लेन्सवरचे कण कोरड्या रुमालाने पुसले. फिल्टरवर गोल गोल ओरखडे उठले. तो अजून कपाटात आहे, आलास की दाखवतो. आधी ब्लोअरने कण उडव, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने टीप. तिथे लेन्स बदलूच नकोस. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री धू. सकाळवर टाकलंस तर स्क्रू गंजायला लागलेच म्हणून समज.

परतताना दोन किलो खडेमीठ आण. काकू म्हणते, यंदाचं कैरीचं लोणचं त्याच मिठात घालायचं.

तुझा,
काका