वडशाची पावती, मुंबईचं कार्ड

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यातला. गावच्या मंडळाच्या नाटकातून सुरुवात झाली, आता काही हंगाम वडशाच्या कंपन्यांत काम करतो. कधी खलनायक, कधी विनोदी. कलावंत संघटनेची माणसं ‘पावती फाड’ म्हणून मागे लागली आहेत. मुंबईला गेलेला मित्र म्हणतो, त्यात पैसे घालू नको, सरळ इकडचं कार्ड काढ, कार्डाशिवाय कॅमेऱ्यासमोर कोणी उभं करत नाही. आणि आमचे मालक म्हणतात, संघटनेत गेलास की पुढच्या हंगामात कोणी बोलावणार नाही. नटानं संघटनेत नेमकं कधी जावं, सांगा जी.
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : तिघंही तुम्हाला सल्ला देत आहेत, पण तिघांच्या डोळ्यांसमोरची रंगभूमी वेगळी आहे. मित्र मुंबईचं बोलतो, संघटनावाले वडशाचं. मालक स्वतःचं बोलतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ते तसं आहे हे लक्षात ठेवून ऐकायचं.

‘कधी जावं’ हा प्रश्न खरा अमेरिकेतल्या नटांचा. तिथली ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही नाट्यकलावंतांची संघटना १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. तिचा नियम कडक आहे : एकदा सभासद झालात की इक्विटीचा करार नसलेल्या नाटकात काम करायचं नाही. त्यामुळे लहान शहरातला होतकरू नट वर्षानुवर्षं घुटमळतो. लवकर शिरलो तर हातातली छोटी कामं जातात, उशीर केला तर मोठ्या कामाचं दार उघडत नाही. इंग्लंडमध्ये तर १९८०च्या दशकापर्यंत आणखी मजा होती. कार्ड असल्याशिवाय काम मिळायचं नाही आणि काम केल्याशिवाय कार्ड मिळायचं नाही. पुढे सरकारनं कामगार कायदे बदलले आणि ती कोंडी सुटली.

मुंबईतल्या मित्राच्या बोलण्याला या जुन्या कोंडीचा वास आहे. मुंबईत सिने आणि टीव्ही कलाकारांची ‘सिंटा’ आहे, आणि वेगवेगळ्या कामांच्या संघटनांचा मिळून ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज’ हा महासंघ आहे. सभासदांनी फक्त सभासदांबरोबरच काम करायचं, असा रिवाज तिथं बराच काळ होता. निर्माते-दिग्दर्शक विपुल शाह यांनी याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या आदेशात आयोगानं अशी बंधनं स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध ठरवली. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये रंगभूषाकार चारू खुराना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रंगभूषाकारांच्या संघटनेला फटकारलं होतं. बाईनं केशभूषा करावी, मेकअपचं कार्ड पुरुषालाच, असा त्यांचा कारभार होता. तेव्हा कार्ड नाही म्हणून तुम्हाला कामच करता येणार नाही, असं कायदा म्हणत नाही.

म्हणून मुंबईचं कार्ड निरुपयोगी, असं मात्र नाही. मालिकेचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात. निर्माता हात वर करू लागला की एकट्या नटाचा फोन कोणी उचलत नाही, संघटनेचं पत्र उचलावं लागतं. पण ही गरज तिथं काम करणाऱ्याची. वडशात राहून मुंबईचं कार्ड खिशात ठेवल्यानं मालिका मिळत नाहीत. पहिलं काम हातात आलं की त्याच्या पैशातून कार्ड काढा, तेही संघटनेच्या कार्यालयात स्वतः जाऊन. ‘कार्ड काढून देतो’ म्हणणारा मधला माणूस भेटला, तर त्याला चहा पाजा आणि निघा.

जाता जाता एक : अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेला संघटना समजू नका. १९०५ पासूनची ती संस्था मोलाची आहे, संमेलनं भरवते. पण नाटकावर प्रेम करणारा कुणीही तिचा सभासद होऊ शकतो. तुमच्या रात्रीच्या मानधनाचं भांडण हे तिचं काम नव्हे.

आता वडशाकडे या. ज्यांनी झाडीपट्टी पाहिली नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जंगलपट्ट्यात भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. धान निघालेलं असतं, गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, पाहुणे आलेले असतात, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. गावचं मंडळ कंपनीचं नाटक ठरवतं, तिकिटं लावतं. कंपन्यांचं ठाणं गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरचं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला या रंगभूमीचं नाव कळलं. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा याच रंगभूमीवरचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट येऊन गेला होता.

या रंगभूमीवर काम मिळायला कार्ड लागत नाही. दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, नाचलेला पोरगा मंडळाच्या नाटकात येतो, तिथून कुणाच्या तरी नजरेत भरतो आणि कंपनीत जातो. दारावर कोणी उभा नाही. म्हणून अमेरिकेतल्या नटाची अडचण तुम्हाला नाही : संघटनेत गेलात म्हणून नियमानं कुठलंच काम सुटत नाही. तुमची अडचण आत शिरल्यानंतरची आहे. पाऊस आला आणि गावानं प्रयोग रद्द केला, तर त्या रात्रीचे पैसे कोणी द्यायचे? तालमीच्या दिवसांचं काही मिळतं का? पहाटे नाटक संपल्यावर गाडी जंगलातल्या रस्त्यानं पुढच्या गावाला निघते. चालक झोपेला आलेला असेल तर थांबा म्हणायचा अधिकार कोणाला? नागपूरहून आलेल्या नट्यांची राहायची सोय कुलूप लागणाऱ्या खोलीत आहे की कुणाच्या ओसरीवर? आजारी पडलेल्या नटाचा हंगाम बुडाला, तर उचल कशी फेडायची?

हे प्रश्न जानेवारीत सुटत नाहीत. जानेवारीत रोज एक गाव असतं, डोळ्यावर झोप असते, आणि उद्या काम हवं असतं. ते सुटले तर दिवाळीआधी सुटतात, कंपन्या आपापला संच ठरवत असतात तेव्हा. त्या दिवसांत मालकाला तुमची गरज असते आणि तुम्ही अजून ‘हो’ म्हटलेलं नसतं. संघटनेची जी काही ताकद आहे, ती या ‘हो’ म्हणण्याच्या आधीच्या दिवसांत आहे. तेव्हा महिनाच हवा असेल तर माझं उत्तर गणपतीच्या सुमाराचं. होळीला फाडलेली पावती वाईट नाही, पण त्या वर्षापुरता तिचा उपयोग संपलेला असतो.

हंगाम किती झाले असावेत, असंही तुमच्या मनात असेल. नवख्यानं जाऊ नये असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. नाव झालेल्या नटाला संघटना कमीच लागते. त्याचा भाव तो स्वतः ठरवतो. ज्याच्या जागी उद्या दुसरा उभा राहू शकतो, त्यालाच ती लागते. शिवाय नुसती तारीख असलेली पावतीही कधीतरी कामाला येते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये मिळतात. तिला वयाची पन्नाशी आणि कलेतली किमान पंधरा वर्षं दाखवावी लागतात. पंधरा वर्षं काम केलेले पुष्कळ आहेत, दाखवणारे थोडे. नाटकाची पत्रकं गावच्या पारावर भिजून जातात. तुमचं नाव छापलेलं प्रत्येक पत्रक, वर्तमानपत्रातलं कात्रण, वर्गणीची पावती एका फायलीत ठेवत जा. आज हसाल, पन्नाशीत नाही हसणार.

पावती फाडण्याआधी एक गोष्ट मात्र बघा : खुर्च्यांवर कोण बसलं आहे? झाडीपट्टीत नट, लेखक, दिग्दर्शक आणि कंपनीचा मालक हा पुष्कळदा एकच माणूस असतो. कालचा नायक आज कंपनी काढतो. या रंगभूमीची गंमत त्यातच आहे, पण संघटनेची गोमही त्यातच. मानधन देणारा आणि घेणारा एकाच मंचावर हार घालून बसले, तर तिथं सत्कार छान होतात, मानधनाचा विषय निघत नाही. न्यूयॉर्कमध्ये हेच झालं होतं. जॉर्ज कोहान हा तिथला लाडका नट. नाटकं लिहायचा, गाणी रचायचा आणि निर्माताही होता. १९१९ च्या ऑगस्टमध्ये इक्विटीच्या नटांनी संप केला, तेव्हा हा नटांचा नट मालकांच्या बाजूनं उभा राहिला, समोर दुसरी संघटना उभी करायला त्यानं मदत केली, आणि शेवटपर्यंत इक्विटीचा सभासद झाला नाही. त्याला दुष्ट म्हणायचं कारण नाही; त्याच्या खिशात दोन्ही बाजूंचे पैसे होते, एवढंच. नटांच्या मागण्यांत एक मोठी मागणी फुकटच्या तालमींना मर्यादा घालण्याची होती.

म्हणून पदाधिकाऱ्यांत कंपनीवाले किती, हे विचारा. हिशेब सभेत वाचतात का, विचारा. आणि नोंदणी कसली आहे तेही. कलावंतांच्या पुष्कळ संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. त्या महोत्सव करतात, मदतनिधी गोळा करतात, तेही हवंच. पण मालकाशी वाटाघाट करायला आणि वेळ आली तर काम थांबवायला कायद्याचं जे संरक्षण मिळतं, ते नोंदणीकृत कामगार संघटनेला. १९२६ चा कामगार संघटना कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

संघटनेची वाट न पाहता करायची कामंही आहेत. ई-श्रमवर नाव नोंदवा. १६ ते ५९ वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या असंघटित कामगारांसाठी ती नोंद आहे. बँकेत सांगून प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. रोज रात्री जंगलातून प्रवास करणाऱ्यानं हा विमा न घेणं मला तरी समजत नाही. तुमच्याबरोबरच्या नट्यांना हे सांगून ठेवा की कंपनी दहा माणसांपेक्षा लहान असो किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असो, लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. २०१३ च्या कायद्यानं ती प्रत्येक जिल्ह्यात असायलाच हवी. आणि या नोंदी हव्यातच : करोनामुळे २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम बुडाला तेव्हा कागदावर आपण कुठेच नाही, हे पुष्कळांना कळलं.

राहिले तुमचे मालक. संघटनेत गेला म्हणून कामावरून काढणं कायद्यात बसत नाही, पण झाडीपट्टीत काढत कोणीच नाही. पुढच्या वर्षी फोन येत नाही, एवढंच. त्यामुळे त्यांची धमकी पोकळ नाही, आणि एकट्यानं जाणं हे धाडस असलं तरी शहाणपण नाही. संचातले चार-पाच जण मिळून जा. वडशातली संघटना मालकांचीच निघाली, तर सात जण मिळून नव्या संघटनेच्या नोंदणीचा अर्ज करू शकतात. त्या सातांत सगळे नट नकोत. १९१९ चा संप महिनाभरात नटांच्या बाजूनं निकालात निघाला, त्यात वादक आणि पडद्यामागचे कामगारही बाहेर पडले याचा वाटा मोठा होता. खलनायक दुसरा मिळतो, तुम्ही रागावू नका. ऐन मंडईच्या रात्री ऑर्गनवाला दुसरा मिळत नाही. आधी त्याच्याशी बोला.