शेतकऱ्याची मोटारसायकल : मालकी, परवाना आणि चाचणीची तयारी



बैल घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि गाडीला जुंपूनही पाहतो. मोटारसायकल घेताना मात्र बहुतेक वेळा रंग आणि महिन्याचा हप्ता एवढेच पाहिले जाते. कागद कोणाच्या नावावर आहेत आणि चालविणाऱ्याजवळ परवाना आहे का, हे प्रश्न अपघात झाल्यानंतर विचारले जातात. त्या वेळी उत्तर शोधून उपयोग नसतो. म्हणून या लेखात पिकाऐवजी, पिकाइतक्याच गरजेच्या या साधनाविषयी माहिती दिली आहे.

पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ मध्ये आली. राजदूत आणि एम-८० या गाड्याही खेडोपाडी पोहोचल्या. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० मुळे थोड्या पेट्रोलमध्ये लांबचा पल्ला गाठता येऊ लागला. आज दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, खताची गोणी, बाजाराची पिशवी आणि रात्री वीज आल्यावर विहिरीवरची मोटार सुरू करायला जाणारा माणूस, हे सर्व मोटारसायकलवरूनच जाते. म्हणजे ती आता शेतीच्या अवजारांपैकीच एक झाली आहे. अवजार चालविण्याचे जसे शिक्षण घ्यावे लागते, तसेच हिचेही घ्यावयास हवे.

परवाना का हवा?

"गावातल्या गावात फिरतो, परवान्याची काय गरज?" असे पुष्कळ शेतकरी विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास परवाना आवश्यक आहे आणि गावचा रस्ताही सार्वजनिकच असतो. या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन विनापरवाना वाहन चालविल्यास ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही तशीच शिक्षा सांगितली आहे.

परंतु दंडापेक्षा मोठे नुकसान पुढे आहे. ते तीन प्रकारे होते.

१. विनापरवाना चालकाकडून दुसऱ्या व्यक्तीस इजा झाली किंवा मृत्यू आला, तर विमा कंपनी जखमीला किंवा त्याच्या वारसांना भरपाई देते, परंतु तीच रक्कम पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण कंपनीस देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले आहे. अशी रक्कम काही लाखांत जाऊ शकते. ती भरण्यासाठी जमिनीकडे पाहण्याची वेळ येऊ नये.

२. विम्यामध्ये मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ पासून मिळू लागले आहे. त्यासाठी मालकाजवळ वैध परवाना असणे ही अट आहे. हप्ता भरला, पण परवाना काढला नाही, तर घरच्यांना या संरक्षणाचा लाभ मिळत नाही.

३. हे संरक्षण नावाप्रमाणे मालकाचे असते. गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवितो मुलगा, ही आपल्याकडील नेहमीची परिस्थिती आहे. अशा वेळी मुलास या संरक्षणाचा आधार नसतो. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा किंवा जो नेहमी चालवितो त्याच्याच नावावर गाडी घ्यावी.

गाडी घेताना आणि विकताना

नवीन गाडीसोबत ५ वर्षांचा तृतीय पक्ष विमा घेणे १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचे झाले. जुनी गाडी घेताना मात्र विम्याची मुदत स्वतः तपासावी. नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावेत. सातबारावर जसा बोजा असतो, तसा नोंदणी पुस्तकावरही कर्जाचा बोजा असू शकतो. तो उतरविल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये. गाडीवरील दंडाची थकबाकीही पाहून घ्यावी.

विक्री झाल्यावर नमुना २९ व नमुना ३० भरून मालकी बदलून घ्यावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले म्हणजे झाले, असे समजू नये. कागदोपत्री ज्याचे नाव आहे, तोच जबाबदार धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हीच गोष्ट सांगितली आहे. चार वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस घरी येऊ नये, यासाठी एवढी धावपळ करणे फायद्याचे ठरते.

शिकाऊ परवाना

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस मोटारसायकलचा परवाना मिळतो. अर्ज करताना 'गिअरसह मोटारसायकल' हा वर्ग निवडावा. विनागिअर स्कूटरच्या परवान्यावर गिअरची गाडी चालविता येत नाही. अर्ज 'सारथी' या शासकीय संकेतस्थळावर करता येतो. तालुक्याच्या गावी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची शिबिरेही भरतात. त्यांच्या तारखा आधी चौकशी करून माहीत करून घ्याव्यात. वय ४० वर्षांपेक्षा अधिक असल्यास डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो.

शिकाऊ परवान्यासाठी वाहतुकीच्या नियमांवर वस्तुनिष्ठ प्रश्न विचारले जातात. त्यात ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. चिन्हे पाठ करण्यापेक्षा त्यांच्या आकारामागील पद्धत समजून घेतल्यास ती चटकन लक्षात राहतात :

– गोल चिन्ह म्हणजे आज्ञा. ती पाळलीच पाहिजे. लाल काठाचे गोल चिन्ह बहुधा मनाई किंवा मर्यादा दाखविते.
– त्रिकोणी चिन्ह म्हणजे पुढील धोक्याची सूचना. उदा. वळण, अरुंद पूल, शाळा.
– निळे चौकोनी चिन्ह म्हणजे माहिती. उदा. रुग्णालय, पेट्रोल पंप.
– आठ कोनांचे लाल चिन्ह म्हणजे थांबा.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावावे. मागे फक्त परवानाधारक शिकविणाराच बसू शकतो. शिकाऊ परवान्यावर पत्नीला बाजारात किंवा मुलाला शाळेत नेणे नियमबाह्य आहे.

३० दिवसांचा सराव

हे ३० दिवस नुसते वाट पाहण्यात घालवू नयेत. पीक निघालेले कोरडे, सपाट रान किंवा खळ्याची कठीण जमीन सरावास उत्तम. रस्त्यावर जाण्यापूर्वी येथेच हात बसवावा.

पहिला आठवडा : इंजिन बंद ठेवून गाडी ढकलणे, वळविणे व स्टँडवर लावणे यांचा सराव करावा. त्यामुळे तिच्या वजनाचा अंदाज येतो. नंतर इंजिन सुरू करून पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत, २० पावले सरळ जावे व थांबावे. क्लच ज्या जागी सोडल्यावर गाडी पुढे सरकू लागते, ती जागा बोटांना ओळखू आली पाहिजे. पुढचे सर्व कौशल्य या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

दुसरा आठवडा : गिअर चढविणे व उतरविणे, चढावर थांबून गाडी मागे न सरकता पुन्हा निघणे आणि दोन्ही ब्रेक एकत्र लावणे यांचा सराव करावा. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक अधिक काम करतो. तो झटक्याने न दाबता चढता दाब द्यावा. चिखल, मुरूम किंवा सांडलेल्या वाळूवर आणि हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास गाडी घसरते.

तिसरा आठवडा : आठचा आकडा. पुष्कळ ठिकाणी चाचणीत मोटारसायकल आठच्या आकारात फिरवून दाखवावी लागते. जमिनीवर फक्कीने एकमेकांना लागून दोन वर्तुळे आखावीत. प्रत्येकाची रुंदी सुरुवातीस १२ पावले ठेवावी. हात बसल्यावर ती ८ पावलांपर्यंत कमी करावी. फिरविताना पुढील बाबी सांभाळाव्यात :

– वळणापूर्वीच पहिल्या गिअरवर यावे. वळणात गिअर बदलू नये.
– रेस एकसारखी ठेवावी. वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबाने सांभाळावा.
– नजर पुढच्या चाकावर नसावी. जिकडे जायचे तिकडे, वर्तुळाच्या पुढच्या भागाकडे पाहावे. नांगर धरणारा जसा तास सरळ जाण्यासाठी समोर पाहतो, तसेच हे आहे.
– गुडघे टाकीला लावावेत, खांदे व कोपर सैल सोडावेत.
– पाय खाली टेकू नयेत. तोल जातोय असे वाटल्यास पाय न टेकता थोडी रेस वाढवावी, गाडी सावरते.

चौथा आठवडा : अनुभवी परवानाधारकासोबत कमी वर्दळीच्या रस्त्यावर जावे. वळण्यापूर्वी आधी आरशात पाहणे, मग इशारा देणे, मग मागे एक नजर टाकणे आणि त्यानंतरच वळणे, हा क्रम अंगवळणी पडावा. वळण झाल्यावर इशारा बंद करण्यास विसरू नये.

चाचणीच्या दिवशी

चाचणीसाठी ज्या वर्गाचा परवाना हवा त्या वर्गाची गाडी न्यावी लागते. आदल्या दिवशी हवा, चेन, दोन्ही ब्रेक, हॉर्न, इशारा दिवे आणि ब्रेकचा दिवा तपासावा. शिकाऊ परवाना, नोंदणी पुस्तक, विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र सोबत ठेवावे. निघताना साइड स्टँड वर घ्यावा, आरसे लावून घ्यावेत, हेल्मेटचा पट्टा आवळावा आणि मगच इंजिन सुरू करावे. मोटार वाहन निरीक्षक गाडीवरील ताब्याबरोबर ही सावधगिरीही पाहतात.

नापास झाल्यास खचून जाऊ नये. ७ दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. मध्यस्थाला पैसे देऊन चाचणी टाळण्याचा मोह धरू नये. असा परवाना खिशात राहतो, पण रात्रीच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली, की तो हँडल धरायला येत नाही.

शेतीच्या कामासाठी विशेष खबरदारी

१. ४० लिटरचा भरलेला दुधाचा कॅन, कॅनचे वजन सोडूनही, सुमारे ४१ किलो भरतो. दोन्ही बाजूंचा भार सारखा असावा आणि शक्य तितका खाली बांधावा. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध हिंदकळून वळणावर तोल बिघडवते.

२. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर कापते. भार असताना वेग आणखी कमी ठेवावा.

३. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात रस्त्याकडेला उभी असलेली, मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यातच थांबता येईल असा वेग ठेवावा.

४. मागे बसणाऱ्या भगिनींनी पदर व ओढणी खोचून घ्यावी. मागच्या चाकाची जाळी काढून टाकू नये. ती नियमानेच बसविलेली असते.

५. चालविणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही आयएसआय चिन्हाचे हेल्मेट वापरावे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले.

६. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रकरणी पालकास किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंडाची तरतूद केली. त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत शिकाऊ परवानाही नाकारला जातो. शाळा दूर आहे ही अडचण खरी आहे, पण त्यावर सायकल, एसटीचा पास किंवा चार घरांनी मिळून केलेली सोय हाच उपाय आहे.

थोडक्यात

घरात जेवढी माणसे मोटारसायकल चालवितात, त्या प्रत्येकाजवळ परवाना आहे का, हे आजच पाहावे. नसल्यास शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा. पेरणी व सुगीच्या धांदलीत सराव होत नाही, म्हणून उन्हाळ्यातील मोकळे दिवस यासाठी राखून ठेवावेत. विम्याच्या मुदतीची तारीख, पीक कर्जाच्या परतफेडीची तारीख लिहितो त्याच वहीत लिहावी. महिनाभराच्या सरावातून मिळालेला परवाना चालविणाऱ्याचा जीव, रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव आणि आपली जमीन या तिन्हींची राखण करतो. शेतकरी बंधू-भगिनींनी या माहितीचा जरूर उपयोग करून घ्यावा.