कोकण रेल्वेची जनरल बॉडी कोठे भरते?



गळीत हंगाम आटोपल्यावर गटवार सभासदांची सहल काढण्याची आपली प्रथा आहे. या खेपेस आम्ही आंबा घाट उतरून गणपतीपुळे केले आणि शेजारच्या मालगुंड गावी कवी केशवसुतांचे स्मारक पाहण्यास गेलो. तेथे एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हां मंडळींना पडवीत बसवून ताक दिले. बोलता बोलता गोष्ट प्रवासावर आली. त्यांच्या लहानपणी मुंबईस जाणे म्हणजे जयगडहून बोट. पुढे रात्रभराची एस. टी. आली आणि आता रत्नागिरीहून रेल्वे. ते सहज म्हणाले, "तुमचा कारखान्यात शेअर, तसा या रेल्वेत आपल्या महाराष्ट्राचा शेअर आहे हो."

आमच्या एका सभासदाने झटकन विचारले, "मग पावणं, हिची जनरल बॉडी भरती कुठं? हिशेब कोण इचारतं?"

पडवीत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घाट चढताना गाडीत आम्ही त्यावरच बोलत आलो. तीच चर्चा या अंकात पाठाच्या रूपाने मांडत आहोत.

१. ही रेल्वे उभी कशी राहिली?

कोकणात रेल्वे यावी म्हणून राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै लोकसभेत आवाज उठवीत असत. १९७१ साली ते वारले. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते तेथून निवडून गेले आणि त्यांनी मागणी सोडली नाही. १९७७ ते १९७९ ते स्वतः रेल्वेमंत्री होते, तरी सगळा मार्ग झाला नाही. कारण साधे आहे. रेल्वे अंदाजपत्रकातून दरसाल जेवढी रक्कम वाट्याला येणार, तेवढेच काम पुढे सरकणार. तशा गतीने घाटाखालचा हा मार्ग पुरा व्हायला पिढ्या गेल्या असत्या.

१९८९-९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, तेव्हा वाट निघाली. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी नोंदविण्यात आली आणि ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले. स्थापनेच्या वेळी भागभांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के ठरले. बाकीचा पैसा मुख्यतः कर्जरोखे काढून उभा केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. व्याज धरून एकूण खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला.

आता मेख येथे आहे. अंदाजपत्रकातून दिलेला पैसा संसद दरसाल मते घेऊन मंजूर करते. कर्जरोख्यांचा पैसा त्या मागणीत येत नाही. मग त्यावर नजर कोणाची?

२. संसद हिशेब कसा विचारते?

पहिली रीत प्रश्नाची. लोकसभेत रोजच्या कामाचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. प्रश्न किमान १५ दिवस आधी लेखी द्यावा लागतो. आयत्या वेळी हात वर करून आकडा मागितला तर तो मिळणार कोठून?

दुसरी रीत अंदाजपत्रकाची. १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे मांडले जाई. २०१६ चे शेवटचे. २०१७ पासून ते सर्वसाधारण अंदाजपत्रकातच येते. मागणीवर खासदार कपात सूचना देतात. नाममात्र कपातीत फक्त शंभर रुपये कमी करा असे म्हणतात. उद्देश पैसे वाचविण्याचा नसतो, एखादी तक्रार सभागृहापुढे आणण्याचा असतो.

तिसरी रीत लेखापरीक्षणाची, आणि आमच्या मते हीच कणा आहे. कोकण रेल्वे सरकारी कंपनी असल्याने तिचे लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. तिचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. रेल्वे खात्यावरील लेखापरीक्षण अहवाल लोकलेखा समिती तपासते. अशा सरकारी कंपन्यांसाठी १९६४ पासून सार्वजनिक उपक्रम समिती आहे. दोन्ही समित्यांत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्र्यांना त्यांत बसता येत नाही. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद तर १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा रिवाज आहे. समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून कागद मागते आणि शिफारशी करते. त्या सरकारवर बंधनकारक नसतात, पण काय कार्यवाही केली याचे उत्तर सहा महिन्यांत द्यावे लागते. त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल काढते.

आणखी एक समिती आम्हांस फार आवडली. मंत्री सभागृहात "माहिती गोळा करीत आहोत", "विचार करू" असे म्हणाले, की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आपल्या सभेत "बघू, करू" असे किती वेळा ऐकले आणि किती वेळा कोणी लिहून ठेवले, हे ज्याने त्याने आठवावे.

३. तपासणारा बाहेरचा हवा

२२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर दरड येऊन रेल्वेगाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच जूनमध्ये महाडच्या बाजूला मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. अशा मोठ्या अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतात. ज्याने गाडी चालविली त्यानेच दोष शोधू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्या वजनकाट्याची तपासणी वैधमापन खात्याकडे असते, तीही याच हेतूने. आज पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेग कमी ठेवून वेगळे वेळापत्रक चालते.

४. आपल्या घरचा दाखला

आमच्या स्वतःच्या गावी एक उपसा सिंचन संस्था निघाली होती. आमचे वडील तिचे सभासद. पहिला अंदाज एक, पुढे पाइप मोठी घेतली, कर्ज वाढले. दर सभेत अहवालाचे वाचन झाले असे समजून "मंजूर, मंजूर" होत गेले. पाणी दोन हंगाम आले आणि नंतर पंप बंद पडला. आम्ही कृषी पदविकेला असताना वडील पीककर्जाला गेले, तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढलेला दिसला. लबाडी कोणी केली असे आम्ही म्हणत नाही. पण वाढीव कर्जाच्या ठरावाला आमच्या वडिलांनीही हात वर केला होता. त्या दिवशी त्यांनी अहवाल उघडलासुद्धा नव्हता.

आपल्या वार्षिक सभेत ऊसदरावर तास दोन तास बोलणे होते. ते व्हायलाच हवे. पण दर ज्या पैशातून द्यायचा, त्यावर कर्जाचा व व्याजाचा भार किती, हे पान फार थोडे सभासद उलटतात. म्हणून इतके करावे:

(१) अहवाल घरी आल्यावर ताळेबंदातील कर्जाचे आकडे मागील वर्षाशेजारी ठेवून पाहावेत.
(२) प्रश्न लेखी व मुदतीत द्यावा. एका प्रश्नात एकच मुद्दा असावा.
(३) लेखापरीक्षकांनी काढलेले दोष आणि सहकार कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे झालेली दोषदुरुस्ती मागून वाचावी. कागद पाहण्याचा सभासदाचा हक्क कलम ३२ मध्ये आहे.
(४) सभेत दिलेले आश्वासन इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि पुढच्या सभेत पहिल्याने तेच विचारावे.

आम्ही कारखान्याचे नोकर. हे प्रश्न आमच्या खात्यालाही येतील. बेणे मळ्यावर खर्च किती झाला, बेणे किती एकरांना पुरले, लागणीच्या नोंदीप्रमाणे तोड आली की नाही, हे जरूर विचारावे. लेखी प्रश्न आला तर आम्हांलाही वह्या काढून नीट उत्तर देता येते.

जाता जाता एक. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. "कोकण रेल्वे" हे नाव कायम राहावे आणि राज्याचे सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत, अशा अटी घातल्या. मालगुंडच्या आजोबांनी सांगितलेला शेअर तो हाच. त्या सभासदाला आम्ही सांगितले, "आबा, रेल्वेची जनरल बॉडी दिल्लीत भरते. तिथे तुम्ही एक खासदार पाठवलाय. आपल्या सभेला मात्र तुम्हालाच यावे लागेल."

आबा म्हणाले, "येतो की. पर औंदा अहवाल वाचूनच येतो."

आपला,
ऊसविकास अधिकारी