'ऑलबीइट' : बातमीतील एक जुने उभयान्वयी अव्यय

इंग्रजी दैनिकाचे व्यापारविषयक पान वाचताना 'ऑलबीइट' हा शब्द वारंवार भेटतो. बोलताना तो क्वचितच कोणी वापरतो. मराठी माध्यमातून येऊन वाणिज्य शाखेत शिकणारे आमच्यासारखे विद्यार्थी त्यापाशी हटकून अडखळतात, आणि कधी कधी बातमीचा अर्थच उलटा लावून बसतात. म्हणून या लहानशा शब्दाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'ऑल', 'बी' आणि 'इट' हे तीन शब्द जोडून हे अव्यय चौदाव्या शतकाच्या सुमारास तयार झाले. त्या काळच्या इंग्रजीत 'ऑल' हा शब्द 'जरी' या अर्थानेही येत असे. तेव्हा मूळ अर्थ झाला, 'जरी ते तसे असो'. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त आणि १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हा शब्द आहे. त्याच बायबलातले त्याचे भावंड 'हाऊबीइट' आज प्रचारातून गेले, हे मात्र टिकले. उच्चारही तीन तुकड्यांतच करावा. 'अल्बाइट' म्हणू नये.

बातमीदाराला हा जुना शब्द सोयीचा वाटतो, याचे कारण काटकसर. 'ऑलदो'नंतर बहुधा कर्ता व क्रियापद असलेले वाक्य येते. 'ऑलबीइट'नंतर आजच्या लेखनात एखादे क्रियाविशेषण, विशेषण किंवा लहान वाक्यांश पुरतो. मी रचलेले उदाहरण घ्या : 'प्रॉफिट्स रोज, ऑलबीइट स्लोली.' नफा वाढला ही मुख्य गोष्ट. वेग कमी होता ही पुरवणी. येथे 'बट' घातले, तर पुरवणीला मुख्य गोष्टीइतकेच वजन येते.

खरी अडचण येथेच आहे. मराठीत 'जरी'चे वाक्य आधी येते आणि 'तरी'चे नंतर. मुख्य विधान शेवटी ऐकण्याची आपल्या कानांना सवय. इंग्रजी बातमीत ते आधी येऊन जाते आणि शेवटी उरते 'स्लोली'. घाईने वाचणारा तेच मुख्य धरतो. 'किमती वाढल्या, ऑलबीइट कमी वेगाने' याचा अर्थ तो 'किमती उतरल्या' असा करतो. हिशेब करून पाहा. १०० रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी ८ टक्क्यांनी वाढून १०८ रुपयांची झाली. दुसऱ्या वर्षी वाढ ५ टक्केच झाली, तरी किंमत ११३ रुपये ४० पैसे झाली. वेग उतरला, किंमत चढलीच.

मराठीत याला जवळचा प्रयोग आहे, तो म्हणजे 'का होईना'. 'हळू का होईना, पण नफा वाढला.' आपल्या कन्नड मित्रांकडे 'स्वल्पवादरू' आहे, म्हणजे 'थोडे का होईना'. त्यातला 'आदरू' हा 'आगु' म्हणजे 'होणे' या धातूपासून आलेला. इंग्रजीत 'असणे', मराठीत व कन्नडात 'होणे'; तिन्ही भाषांनी सवलत देण्यासाठी असेच एक साधे क्रियापद कामाला लावावे, याची मला मोठी मौज वाटते.

परंतु भाषांतर करताना एक सावधगिरी हवी. 'का होईना'मध्ये समाधानाची छटा आहे. 'थोडा का होईना, पाऊस पडला' हे ठीक. 'हळू का होईना, महागाई वाढली' असे लिहिले, तर महागाईची आपण वाटच पाहत होतो असे वाटेल! 'ऑलबीइट'ला अशी छटा नाही. ते चांगल्या-वाईट दोन्ही बातम्यांत चालते. म्हणून वाईट बातमीत 'वेग मंदावला असला तरी महागाई वाढलीच' असे लिहावे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला उद्या बँकेत, पेढीत किंवा वृत्तपत्रात इंग्रजी अहवालाचा सारांश मराठीत वा कन्नडात करावा लागेल. तो वाचून कोणी ठेव ठेवील, कोणी माल उचलील. तेव्हा 'ऑलबीइट' दिसताच एक पाऊल मागे यावे, स्वल्पविरामाच्या अलीकडचे क्रियापद शोधावे आणि बातमी तेथे आहे असे समजावे. पलीकडचे आहे ते तिचे माप. माप सोडू नये, पण मापालाच माल समजू नये.