आधी वही मिटा

ठाण्यात घोडबंदर रोडला मी मराठी बोलायला शिकवते. वर्ग छोटा आहे. येणारे सगळे मोठे: बँकेत बदली होऊन आलेले, आयटीतले, डॉक्टर, लग्न करून मराठी घरात आलेल्या मुली. मालिका बघण्याचं वेड मला वर्ग सुरू करण्याच्या फार आधीपासूनचं. पोटापाण्याचा उद्योग आणि हे वेड एकमेकांच्या कुठे उपयोगी पडतं, कुठे आड येतं, याची मनाशी जमलेली ही टिपणं. कुणाला असा वर्ग काढायचा असेल तर कामी यावीत.

१. पहिल्या दिवशी ‘कशाला शिकायचंय?’ हे विचारा.

‘मराठी यायला हवं’ हे उत्तर पुरेसं नसतं. डॉक्टरला हवे असतात दुखण्याचे शब्द: कळ येते, ठणकतं, चमक मारते, चुरचुरतं, मळमळतं, गरगरतं. पेशंट यातला नेमका एक शब्द वापरतो आणि निदानाची अर्धी वाट त्यातच असते. बँकेतल्या माणसाला हप्ता, थकबाकी, वारस, जामीन लागतात. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून मुलांचा गृहपाठ घेता यावा म्हणून येणाऱ्या आया वाढल्या. आणि मराठी घरात आलेल्या सुनेला मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात आपल्याविषयी काय चाललंय ते कळायला हवं असतं. ती हे हसत हसत सांगते, पण सगळ्यांत लवकर तीच शिकते.

२. बॅच आठाच्या वर नेऊ नका आणि एकाच मातृभाषेची करू नका.

सगळे हिंदी बोलणारे असले की वर्ग हळूहळू हिंदीत चालायला लागतो. मिसळ असली की प्रत्येकाला वेगळी अडचण येते आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला द्यायला काहीतरी असतं. बंगालीत व्याकरणातलं लिंग नाही. त्यामुळे ‘चहा घेतला, कॉफी घेतली, दूध घेतलं’ इथे बंगाली माणूस तीनदा अडखळतो. हिंदीवाला कॉफी सहज पार करतो, पण त्याची ‘चाय’ स्त्रीलिंगी म्हणून चहालाही ‘घेतली’ म्हणतो आणि दुधाशी थांबतो, कारण त्याच्या भाषेत नपुंसकलिंग नाही. ‘ळ’ची गंमत उलटी. कानडी, तमिळ, गुजराती माणसाच्या तोंडी तो तयारच असतो, हिंदीवाल्याची मात्र ‘शाळा’ कितीतरी दिवस ‘शाला’च राहते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तमिळ, तेलुगू, गुजराती मंडळींना समजावून द्यावाच लागत नाही. समोरच्याला धरून की वगळून, हा हिशेब त्यांच्या घरातही असतो. मग मी ते काम त्यांच्यावरच सोपवते. हिंदीवाल्यांना ‘आपण’ तेच शिकवतात आणि माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

३. पुस्तकातलं मराठी आणि घरातलं मराठी एकदमच शिकवा.

‘तू काय करीत आहेस?’ हे वाक्य बरोबर आहे आणि ते कुणी बोलत नाही. लोक म्हणतात, ‘काय करतोयस?’ पुस्तकात ‘चांगले’, तोंडी ‘चांगलं’. पुस्तकावर वाढलेला विद्यार्थी दुकानावरच्या पाट्या धडाधड वाचतो, पण लिफ्टमध्ये दोन शेजारणी काय बोलल्या ते त्याला कळत नाही. अगं, अहो, बरं का, हो ना, असू दे: यांची जागा व्याकरणाच्या तक्त्यात नसते, आणि यांच्याशिवाय मराठी बोलणं परकं वाटतं. या बाबतीत मालिकेइतका चांगला मदतनीस मला मिळालेला नाही. कुणाला ‘अरे’ म्हणायचं, कुणाला ‘अहो’, आणि रागावल्यावर ‘अहो’चा सूर कसा बदलतो, हे फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतात हेही मी शिकवत नाही. पाच-सहा भाग बघून झाले की वर्ग सुटताना ते आपोआप ऐकू येतं.

४. मालिका निवडताना कथेआधी घर बघा.

नवख्यांसाठी माझी पहिली पसंती अजूनही ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ मध्ये अल्फा मराठीवर आली, दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून, केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात. दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव उभा करणारे प्रभावळकर इथे आबा झाले. आबा, शेखर, श्यामल, शलाका आणि शिऱ्या: तीन पिढ्या एका घरात, प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं वेगळं. सासरा सुनेशी कसा बोलतो, भाऊ बहिणीला कसा चिडवतो, नवराबायको मुलांसमोर कसं भांडतात, सगळं रोजच्या मराठीत. शिवाय आठवड्याला एक भाग आणि प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपलेली, त्यामुळे मागचं माहीत नसलं तरी अडत नाही.

पंचविशीतल्या मुलांना मी ‘दिल दोस्ती दुनियादारी’ देते. २०१५ ची मालिका, ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणारे सहा जण, आणि इंग्रजी मिसळलेलं आजचं मराठी. टिपऱ्यांच्या घरातली श्यामल म्हणजे शुभांगी गोखले आणि माजघरातली रेश्मा म्हणजे सखी गोखले, या खऱ्या मायलेकी आहेत हे सांगितलं की वर्गात एकदम उत्साह येतो. मग एका पिढीत मराठी बोलणं किती बदललं यावर चर्चा होते, आणि ती मोडक्यातोडक्या मराठीत होते. मला तेच हवं असतं.

५. रटाळ मालिकांचा अपमान करू नका.

रोजच्या मालिका लांबतात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात अशी आपली तक्रार असते. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं बघा. सुनेनं एक चिठ्ठी पाहिली. ती नवऱ्याला सांगते. नवरा आईला सांगतो. आई फोनवर बहिणीला सांगते. एकच मजकूर तीनदा आला आणि दर वेळी ‘मी’चा ‘ती’ झाला, ‘तुझ्या’चं ‘त्याच्या’ झालं. असा सराव मी स्वतः लिहून दिला असता तर सगळे कंटाळून उठले असते. इथे त्या चिठ्ठीत काय आहे ते कळेपर्यंत कुणी हलत नाही. भागाच्या सुरुवातीला कालचा सारांश येतो, महत्त्वाचं वाक्य संथ सुरात येतं आणि त्यानंतर कॅमेरा एकेका चेहऱ्यावर फिरतो. तेवढ्या वेळात विद्यार्थी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून घेतो.

६. पहिल्यांदा बघताना वही मिटा.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. भाग सलग बघायचा. थांबवायचा नाही, शब्द विचारायचे नाहीत, सबटायटल्स बंद. इंग्रजी ओळी खाली धावत असल्या की डोळे वाचतात आणि कान झोपतात. भाग संपल्यावर मी एकाही शब्दाचा अर्थ विचारत नाही. विचारते, ‘कोण कुणावर रागावलंय? का? तुमच्या मते बरोबर कोण?’ ज्याला निम्मंही कळलेलं नसतं तोसुद्धा यावर बोलतो, कारण माणसाचा राग कळायला शब्दकोश लागत नाही. शब्द, रूपं, लिंग हे सगळं दुसऱ्या खेपेला.

शिक्षकाचा हात मात्र शिवशिवत असतो. प्रत्येक वाक्यात त्याला सामान्यरूप दिसतं: रस्ता, रस्त्यावर, पाणी, पाण्यात, शाळा, शाळेत. दर मिनिटाला थांबवून तो ते दाखवू लागला की मालिकेचा धडा होतो, आणि घरी गेल्यावर धडा कुणी आपणहून उघडत नाही. वर्गात आठवड्याला जेमतेम तीन-चार तास मिळतात. भाषा येते ती उरलेल्या वेळात, आणि त्या वेळावर माझा नाही, ‘पुढे काय झालं?’ या प्रश्नाचा ताबा असतो. तो प्रश्न जिवंत ठेवणं हे व्याकरणाइतकंच माझं काम आहे.

७. एक कार्यक्रम स्वतःसाठी राखून ठेवा.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मी वर्गात नेत नाही. एक कारण शिकवण्यातलं आहे. विनोदाला संदर्भ लागतात, गावांचे, आडनावांचे, सोसायटीच्या मीटिंगचे. ते समजावून सांगेपर्यंत हसू निघून जातं. दुसरं कारण माझं. दिवसभर लोकांच्या वाक्यांतली लिंगं तपासून झाल्यावर मला पाय पसरून नुसतं हसायचं असतं. आवडीची प्रत्येक गोष्ट कामाला जुंपली की आवड उरत नाही, आणि ज्याची आवड उरलेली नाही अशा शिक्षकाचं ‘ही मालिका बघाच’ कुणी मनावर घेत नाही.

८. बोली उशिरा आणा, पण आणा.

प्रमाण मराठीवर थोडा हात बसला की ‘तुझ्यात जीव रंगला’तलं कोल्हापूर, ‘लागिरं झालं जी’तला सातारा आणि ‘रात्रीस खेळ चाले’तलं मालवण काढायचं. ठाण्यात राहणाऱ्याला याची गरज रोजची आहे. भाजीवाला, वॉचमन, रिक्षावाला, पोळ्या करणाऱ्या मावशी यांतलं कुणी घाटावरचं असतं, कुणी कोकणातलं. ‘खंय’ आणि ‘कित्याक’ एकदा कानावरून गेलेले असले तर माणूस बावरत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’तल्या राणादाचं ‘चालतंय की’ तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी बसतं. दोन गोष्टी सांगून ठेवते. पडद्यावरची बोली अख्ख्या राज्याला कळावी म्हणून सौम्य केलेली असते, गावातली याहून दाट असते. आणि वर्गात तिला कुणी ‘अशुद्ध’ म्हणायचं नाही. हा नियम बाहेरून आलेल्यांना लगेच पटतो. सोडायला आलेल्या त्यांच्या मराठी मित्रांना कधीकधी पटत नाही.

९. वेळ आणि पैसा यांत संकोच नको.

संध्याकाळची बॅच कागदावर छान दिसते. घोडबंदरची वाहतूक पार करून माणूस आठला घरी पोचतो, तेव्हा त्याला जेवायचं असतं आणि मला मालिका बघायची असते. शनिवार-रविवार सकाळ सगळ्यांत चांगली. कोचिंग क्लासच्या खोल्या सकाळी रिकाम्या असतात, भाडंही कमी पडतं. मार्चअखेर बँकवाल्यांची बॅच ठेवू नका, गणपतीत कुणाचीच ठेवू नका. पहिला तास फुकट द्या, मग पूर्ण कोर्सची फी एकदम घ्या. गळती तिसऱ्या आठवड्यात होते, सामान्यरूपं सुरू झाली की. पैसे भरलेला माणूस तो आठवडा दात-ओठ खाऊन काढतो आणि पुढे त्याला गोडी लागते.

१०. आपल्या माणसांनाही थोडं शिकवा.

माझ्या विद्यार्थ्यांपुढची मोठी अडचण व्याकरणाची नाही. ती मराठी माणसाची आहे. विद्यार्थ्यानं धीर करून ‘काका, कांदे कसे दिले?’ विचारावं आणि उच्चार थोडा वाकडा आला म्हणून काकांनी ‘चालीस रुपया’ म्हणावं. त्यांचा हेतू मदतीचाच असतो. पण अशा दहा मदतींनंतर माणूस बोलणं सोडतो आणि मग ‘हे लोक इतकी वर्षं राहतात तरी मराठी शिकत नाहीत’ असं आपणच म्हणतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एक वाक्य पाठ करून घेते: ‘मराठीतच बोला ना, मला शिकायचंय.’ हे ऐकून आजवर कुणी चिडलेलं कानावर आलं नाही. उलट काकांकडून वर कोथिंबीर मिळते. वर्गातही मी हेच पथ्य पाळते. कुणी भागाची गोष्ट सांगत असताना तिचा ‘तो’ झाला तरी मध्ये तोडायचं नाही. चुका मी कागदावर टिपते आणि गोष्ट संपल्यावर दाखवते.

११. कोर्स संपवा.

चालतेय तोवर चालवा, हे धोरण वाहिन्यांना परवडतं. भाषेच्या वर्गाला नाही. काही मंडळी वर्गात रमतात, तीच पातळी पुन्हा करू म्हणतात. इथे चुकलं तर कुणी हसत नाही, आठवड्याला चार ओळखीचे चेहरे भेटतात. मला त्यांचा मोह पडतो, कारण फी ठरलेली असते. पण संपल्याची खूण मला ठाऊक आहे. ‘रात्रीस खेळ चाले’तल्या अण्णा नाईकांची बाजू घ्यायची की शेवंताची, यावर एक तेलुगू बँक अधिकारी माझ्याशी तावातावानं भांडले. अण्णांच्या वाटणीला त्यांनी दोनदा चुकीचं क्रियापद दिलं, तरी मुद्दा सोडला नाही, आणि मध्ये हिंदीचा आधारही घेतला नाही. मी काही हरले नाही. पण अशा माणसाकडून पुढच्या कोर्सची फी घेऊ नये.