सोंग कोणाचे घ्यावे?

सोंग आपल्याकडे जुनेच आहे. बहुरूपी दारी येतो. कधी पोलीस होतो, कधी डॉक्टर. आपण हसतो, चार पैसे देतो. सुरगाणा, पेठकडे बोहाडा असतो. तिथे कोकणा लोक देवादिकांचे मुखवटे लावून रात्रभर नाचतात. यात कोणाचा अपमान होत नाही. बहुरूपी गरीब, तो साहेबाचे सोंग घेतो. बोहाड्यात लोक आपल्याच देवांचे घेतात.

आम्ही मात्र उलटे केले.

२००५ साली आम्ही चांदवडला हेडमास्तर होतो. गॅदरिंगमध्ये एका मुलाला ‘आदिवासी’ केले. तोंडाला काजळ फासले, कमरेला पाला, हातात भाला. लोक पोट धरून हसले. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी एक बाप आला. सुरगाण्याहून कांद्याच्या कामाला आलेला, अंगात साधा शर्ट-पॅन्ट. त्याचा मुलगा आमच्याच शाळेत होता. तो म्हणाला, “गुरुजी, पोरगं शाळेत यायचं नाही म्हणतंय. आम्ही काय पाला नेसतो का?”

आम्हाला उत्तर सुचले नाही.

पुढे २०१९ साली पेपरात वाचले. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो हे पूर्वी शिक्षक होते. २००१ साली शाळेच्या एका समारंभात त्यांनी तोंडाला गडद रंग लावून अरबी सोंग घेतले होते. तो फोटो बाहेर आला आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मास्तरांची खोड सगळीकडे सारखीच!

आम्हीही त्या बापाची माफी मागितली होती. पोरगा चौथ्या दिवशी आला. एरवी पुढे बसायचा, त्या दिवशी मागे जाऊन बसला.