मुक्या जीवांचे घर

इ. स. १८६० मध्ये मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयस्थान काढले. वर्तमानपत्रांतून त्यांचा उपहास झाला. १८६५ साली बाई निवर्तल्या; पण लोकांच्या वर्गणीवर संस्था तगली आणि १८७१ साली बॅटर्सी येथे गेली. हरवलेले कुत्रे धन्याकडे पोचविणे, निराधारास नवे घर मिळवून देणे, हे कार्य ती आजही करीत आहे.

माणसेच उपाशी असता कुत्र्यांची चिंता कशाला, अशी शंका आपल्याही मनात येते. परंतु रानातील या प्राण्यास माणसानेच दारी आणून राखणदार केले. मग त्यास वाऱ्यावर सोडणे न्याय्य कसे? नुसती दया क्षणभर टिकते. वर्गणीची व कष्टांची जोड मिळाली तरच तिचे कार्य होते. आपण खाऊच्या पैशांतील थोडा वाटा अशा संस्थेस देऊ या. निदान हातातील दगड तरी खाली टाकू या.